शब्दांचा विटाळ

‘कोण नामदेव ढसाळ?’

२०२५ च्या सुरुवातीला सेन्सॉर बोर्डाकडून हा प्रश्न आला. ‘चल हल्ला बोल’ नावाचा सिनेमा त्यांच्याकडं गेला होता. त्यात नामदेवच्या कविता होत्या. बोर्डाला त्या शिवराळ वाटल्या, अश्लील वाटल्या. कविता ढसाळांच्या आहेत म्हणून सांगितलं, तर आम्ही ढसाळांना ओळखत नाही असं उत्तर. पेपरात छापून आलं, चार दिवस बोंब झाली, पुढाऱ्यांनी निषेधाची पत्रकं काढली आणि पुन्हा सगळं थंड.

आता हिशेब बघा. ‘गोलपिठा’ आला १९७२ ला. १९९९ ला याच दिल्लीच्या सरकारनं नामदेवला पद्मश्री दिली. २००४ ला साहित्य अकादमीनं सुवर्णमहोत्सवी जीवनगौरव दिला. १५ जानेवारी २०१४ ला तो गेला. मानपत्र देणारा हात सरकारचा, आणि अकरा वर्षांनी कविता कापायला निघालेला हातही सरकारचाच. शाल पांघरताना कविता वाचावी लागत नाही, म्हणून शाल देणं सोपं. तीच कविता पडद्यावर आली, थेटरात बसलेल्या माणसाच्या कानात जाणार असं दिसलं, की विटाळ सुरू.

विटाळ हा शब्द मुद्दाम वापरलाय. संविधानाच्या सतराव्या कलमानं माणसाची अस्पृश्यता मोडली. शब्दांची अस्पृश्यता मोडणारं कलम अजून कुणी लिहिलेलं नाही. मराठीत सोवळ्यातले शब्द आहेत आणि गावकुसाबाहेरचे शब्द आहेत. ‘नितंब’ म्हणलं की काव्य, तोच अवयव आपल्या आईच्या बोलीत म्हणलं की अश्लील. संस्कृतात लिहिलं तर शृंगाररस, महारवाड्याच्या मराठीत लिहिलं तर अश्लीलतेचं कलम. अवयव एकच. जात निराळी.

लोक म्हणतात, काळ बदलतो, समाजाच्या कल्पना बदलतात, काल चालत नव्हतं ते आज चालतं. खरंय. पण कुणासाठी बदलल्या आणि कुणासाठी होत्या तिथंच राहिल्या, हे विचारल्याबिगर त्या वाक्याची किंमत शून्य.

१८५५ साल घ्या. जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिलं. एक भट जोशी अडाणी शेतकऱ्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालून कसा लुबाडतो, त्याचं नाटक. दक्षिणा प्राइझ कमिटीकडं पाठवलं. कमिटीतल्या भट सभासदांपुढं युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही आणि नाटक नाकारलं गेलं, असं जोतीरावांनीच ‘गुलामगिरी’त लिहून ठेवलंय. ते नाटक छापून लोकांपुढं आलं १९७९ ला. सव्वाशे वर्षं! बंदी घातली नव्हती, खटला भरला नव्हता, जप्ती नव्हती. फक्त नापास केलं. मराठीतल्या नव्या नाटकावर चाललेली ही पहिली कात्री, आणि तिचा आवाजसुद्धा आला नाही. तिला सेन्सॉर म्हणायचं शहाणपण अजून आमच्या नाट्यसमीक्षकांना सुचलेलं नाही.

पुण्याला बंदी म्हणजे काय ते कळलं १९१० ला. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त कीचक म्हणजे कर्झन हे इंग्रजाच्या ध्यानात आलं आणि त्यानं नाटक बंद केलं. तेव्हा केवढा संताप! बरोबर होता तो संताप. पण स्वराज्य आल्यावर ह्याच मंडळींनी काय केलं? इंग्रजाचा १८७६ चा नाटकांचा कायदा फेकला नाही. तो २०१८ ला रद्द होईपर्यंत कायद्याच्या पुस्तकात पडून होता. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाला दाखवा, शिक्का घ्या, मग पडदा वर करा, ही रीत चालवली ती आपल्याच सरकारनं.

आणि तमाशाचं काय केलं? मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारनं स्वातंत्र्याच्या सुमाराला तमाशावर बंदी आणली. कारण अश्लीलता. पुढं बंदी उठली तर सुधार समिती आली, वग तपासून घ्यायची अट आली. (आपला मुलूख तेव्हा निजामाकडं. १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो तेव्हा ही रीत आपल्याला आयती मिळाली.) तमाशात पोट जाळणारे कोण होते? महार, मांग, कोल्हाटी. पेशवाईत होनाजीच्या लावण्या ऐकायला दुसरा बाजीराव बसायचा तेव्हा ते अश्लील नव्हतं. दाद देणारा वर बसलेला असला की कला, दाद देणारा हमाल-गिरणीवाला झाला की अश्लील. बायांना नाचायला लावणारी जात, त्यांच्यावर पैसे उधळणारी जात, आणि मग त्यांना बाटलेल्या म्हणणारी जात, ह्या तीन जाती वेगळ्या नव्हत्या. ह्यालाच समाजाच्या कल्पना म्हणायचं.

सत्तरच्या सुमाराला पांढरपेशांच्या रंगभूमीला ह्या कात्रीची धार लागली. तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ आलं. त्यात बाईच्या लुगड्यावर गर्भपाताचा लाल डाग. मंडळ म्हणालं, लाल डाग चालणार नाही. मग श्रीराम लागूंनी तो डाग निळा केला, आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगायचे की हा डाग लाल समजा. (निळा चालला! निळ्याला काय अर्थ असतो ते मंडळाला तेव्हा ठाऊक नसावं.) मग १९७२ चं ‘सखाराम बाइंडर’. कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. ती लढाई मोठीच होती, तिला आपला सलाम आहे. आज ती नाटकं विद्यापीठात अभ्यासाला आहेत. इथं समाजाची कल्पना बदलली, मान्य. पण बदलली कशी? हायकोर्ट होतं, वकील होते, पेपरात ओळखी होत्या, शिवाजी मंदिर होतं. फडाच्या मालकाकडं ह्यातलं काय होतं? त्यानं वगातलं वाक्य मुकाट खोडलं आणि रात्री राहुटीत ते पुन्हा बोलला. त्याची नोंद कुठल्या रंगभूमीच्या इतिहासात नाही.

त्याच १९७२ साली परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात बौद्ध बायांना नागवं करून मारलं. राजा ढालेंनी ‘साधना’च्या १५ ऑगस्टच्या अंकात ‘काळा स्वातंत्र्यदिन’ लिहिला. झेंड्याचा अपमान केला तर तीनशे रुपये दंड आणि बौद्ध बाईचं लुगडं फेडलं तर पन्नास, असा त्यांनी हिशेब मांडला, आणि झेंड्याबद्दल एक कडक वाक्य लिहिलं. पुण्यात केवढा गदारोळ! कशाबद्दल? ब्राह्मणगावाबद्दल? छे. वाक्याबद्दल. भाषेबद्दल. असभ्यपणाबद्दल. बाई नागवी केली ती बातमी आतल्या पानावर, आणि शब्द नागवा झाला तो राष्ट्रीय प्रश्न. लेकहो, अश्लीलतेची सगळी व्याख्या ह्या एका प्रसंगात आहे. पोथ्या वाचायची गरज नाही.

पण कोर्टाची व्याख्या तरी बघू, कारण उद्या तुमच्यापैकी कुणावर खटला झाला तर ती कामाला येईल. आपल्या कोर्टांनी कितीतरी वर्षं १८६८ चा एक इंग्रजी निकष वापरला. ज्यांची मनं सहज बिघडू शकतात अशांच्या हाती पुस्तक पडलं तर ती बिघडतील का, एवढं बघायचं. म्हणजे शहाण्यानं काय वाचावं ते सगळ्यांत कच्च्या माणसाच्या मापानं ठरवायचं. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं हे माप टाकलं आणि म्हणालं की समकालीन समाजाच्या मापानं बघा. ऐकायला बरं वाटतं. पण साहेब, समाज म्हणजे कोण? गावकुसाच्या आतला का बाहेरचा? परभणीचा का प्रभात रोडचा? ‘गोलपिठ्या’तला प्रत्येक शब्द कामाठीपुऱ्यात समकालीन होता आणि अश्लील नव्हता. तिथं तो रोजचा पाण्याचा शब्द होता. तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली तेव्हा त्यांनासुद्धा त्यातल्या शब्दांचे अर्थ विचारून घ्यावे लागले. ते विचारायला गेले, हा त्यांचा मोठेपणा. २०२५ च्या बोर्डाला विचारायचीसुद्धा गरज वाटली नाही.

हे माप लगेच कसं वळलं ते लातूरनं बघितलं. १९८२ पर्यंत लातूर आपल्याच जिल्ह्यात होतं, म्हणून लांबचं समजू नका. वसंत दत्तात्रय गुर्जरांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ ला बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या एका बुलेटिनात छापली. सभासदांपुरतं बुलेटिन, आपल्या ह्या पानांसारखंच. तक्रार झाली, लातूरच्या कोर्टात खटला उभा राहिला आणि वीस वर्षं चालत सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०१५ च्या मे महिन्यात निकाल आला. छापणाऱ्यानं आधीच माफी मागितली होती, त्याला सोडलं. कवीला म्हणाले, तू खटल्याला सामोरा जा. आणि वर एक नवी गोष्ट सांगितली. माणूस इतिहासात आदरणीय ठरलेला असेल तर त्याच्या तोंडी अश्लील भाषा घालताना समाजाचं माप अजून कडक लावायचं.

आपल्यातले काही तेव्हा खूश झाले. म्हणाले, बरं झालं, आता बाबासाहेबांवर कुणी वेडंवाकडं लिहिणार नाही. इथंच आपलं आणि त्यांचं भांडण आहे, आणि ते ह्या पानावर उघड्यानं करायचं आहे.

१९८८ आठवा. ज्यांचा जन्म नव्हता त्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. महाराष्ट्र सरकारनं १९८७ ला बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला, ‘रिडल्स इन हिंदुइझम’. संपादक वसंत मून. त्यातल्या राम-कृष्णाच्या परिशिष्टावरून काहूर उठलं. आमच्या देवांची बदनामी, आमच्या भावना दुखावल्या, परिशिष्ट कापा. अमरावतीत खंड जाळला. कापण्याची भाषा सरकारच्या तोंडातही आली. तेव्हा फेब्रुवारीत मुंबईत निळा समुद्र उतरला. एकच मागणी, एक अक्षर कापायचं नाही. मोर्चा गेल्यावर हुतात्मा चौक गोमूत्रानं धुतला गेला, विटाळ झाला म्हणून. पण परिशिष्ट राहिलं. हे विचार सरकारचे नाहीत अशी एक चिठ्ठी तेवढी जोडली. स्वातंत्र्यानंतर ह्या महाराष्ट्रात पुस्तक कापू नका म्हणून एवढी माणसं रस्त्यावर कधी उतरली होती? लिहिण्याच्या स्वातंत्र्यावर परिसंवाद भरवणाऱ्यांनी नाही, आपल्या बापांनी ते केलं. भाकरी बांधून गेले होते.

आता २०१२. अकरावीच्या पुस्तकात शंकरचं १९४९ चं एक व्यंगचित्र. संविधानाची गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब, मागं नेहरू, हातात चाबूक. संसदेत गोंधळ झाला. सरकारनं चित्र काढायचं ठरवलं. पुस्तकाचे सल्लागार योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर ह्यांनी राजीनामे दिले. आणि मग निळ्या झेंड्याची काही पोरं पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या हापिसात घुसली आणि तोडफोड केली.

चित्र बोचणारं आहे, ह्यात वाद नाही. ज्या वर्गात आपलं एकच पोरगं बसलेलं असतं आणि बाकीचे हसतात, तिथं ते चाबकासारखं लागू शकतं. तक्रार करा, लेख लिहा, दुसरं चित्र काढा, मास्तरला जाब विचारा. पण खुर्च्या मोडल्या त्या दिवशी आपण १९८८ चं भांडवल फुंकून टाकलं. कापू नका म्हणणारे आपण कापा म्हणायला लागलो. त्यांच्या देवाला हात लावला तर आपण म्हणतो चिकित्सा, आपल्या बापाला हात लावला तर आपण म्हणतो भावना. ज्यानं जन्मभर चिकित्सा शिकवली त्याच्याच नावानं!

काहीजण म्हणतील, मग शिव्या खायच्या का? नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. जिवंत माणसाला चारचौघांत जातीवरून हिणवलं तर तो गुन्हा आहे आणि गुन्हाच राहिला पाहिजे, त्यात एक मात्राही कमी व्हायला नको. पण चौकात माणसाला हिणवणं आणि नाटकात हिणवणारा माणूस दाखवणं, ह्यातला फरक कळत नसेल तर आपण त्या बोर्डाच्या खुर्चीवर बसायला लायक झालो.

हा फरक पुसला की काय होतं ते २०२५ च्या एप्रिलात दिसलं. अनंत महादेवनांचा ‘फुले’ सिनेमा ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला येणार होता. ब्राह्मण संघटनांनी ओरड केली, आमची बदनामी आहे. सिनेमा दोन आठवडे पुढं ढकलला, २५ तारखेला आला. आणि बोर्डानं काय बदलायला सांगितलं? महार, मांग, पेशवाई, हे शब्द. मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख. तीन हजार वर्षांची गुलामी म्हणू नका, कित्येक वर्षांची म्हणा.

नीट बघा ह्यातली चलाखी. ‘महार’, ‘मांग’ हे शब्द काढताना कुणीही सांगू शकतो की हे तुमच्याच भल्यासाठी, हे शब्द ऐकून तुमच्या भावना दुखावतात ना? शतकानुशतकं ज्यांनी हा शब्द शिवीसारखा आपल्या तोंडावर थुंकला, त्यांनाच आता तो ऐकवत नाही. जात तशीच ठेवायची, तिचं नाव तेवढं खोडायचं. सावित्रीबाईंवर शेण फेकणारे हात दाखवायचे, पण ते हात कुणाचे ते सांगायचं नाही. जोतीरावांचं नाटक १८५५ ला नापास केलं, त्यांच्यावरचा सिनेमा २०२५ ला धुऊन घेतला. एकशेसत्तर वर्षांत बदल झाला तो एवढाच, तेव्हा धर्म बुडतो म्हणत होते, आता भावना दुखावतात म्हणतात. आणि ‘भावना’ हे हत्यार पाजळून द्यायला आपणही हातभार लावला.

आपल्याच जिल्ह्यात २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला (आताचं धाराशिव) साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. पाद्री अध्यक्ष कसा, म्हणून विरोध. उद्घाटनाला येणाऱ्या ना. धों. महानोरांना तुम्ही जाऊ नका म्हणून धमकावलं. दोघंही आले, बोलले. कवितेतल्या ओळीवर आक्षेप नव्हताच तिथं. माणसावरच होता. कात्री ओळीपाशी थांबत नाही, माणसापर्यंत येते. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका बौद्ध तरुणाचा खून झाला. मोबाईलच्या रिंगटोनवर बाबासाहेबांचं गाणं वाजलं, त्यावरून भांडण काढल्याची फिर्याद होती. नांदेडजवळ बोंढार हवेलीत २०२३ च्या जूनमध्ये एक पोरगं गेलं, गावात भीमजयंती काढल्याचा राग होता म्हणतात. ह्या बोर्डाला शिक्का लागत नाही, संहिता लागत नाही. गाणं वाजलं की निकाल. ‘समकालीन समाजाचं माप’ म्हणतात ते गावात असं दिसतं, न्यायमूर्तींनी कधी येऊन बघावं.

आता आपल्या घरात या. बाहेर लई दगड मारले.

तेरखेडा फटाक्यांचं गाव. इथं दारू ठासताना माणसं स्फोटात गेली आहेत. फटाका बनवायला परवाना लागतो, तो वाजवताना कुणी फारसं विचारत नाही. कवितेचं उलटं आहे. लिहायला परवाना लागत नाही, वाजवायला लागतो. आणि तो परवाना आता जयंतीच्या कमिट्या देतात. १४ एप्रिलच्या स्टेजवर एखादं पोरगं नामदेवची कविता घेऊन उभं राहू द्या. मागून कुणीतरी शर्ट ओढतं. बायाबापड्या बसल्यात, सायेब आलेत, दुसरी घे. झालं का ओळखीचं? बायाबापड्या म्हणजे सहज बिघडणारी मनं. १८६८ चा इंग्रज जज्ज आपल्या स्टेजमागं उभा आहे. आणि त्याच रात्री डीजेवर जी गाणी लागतात त्यांची संहिता कुणी तपासत नाही. बाईचं अंग बाजारात मांडलेलं चालतं, बाईच्या अंगावर झालेला अत्याचार सांगितलेला चालत नाही.

आपल्या चळवळीतही नियम होते. ते कशासाठी होते ते मात्र आपण विसरलो. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कुलकर्णी, जातीनं ब्राह्मण, आणि पवळा महाराची. बापूराव चळवळीला पैसे द्यायला आले तर बाबासाहेबांनी ते नाकारले असं सांगतात. महाराच्या बाया नाचवून मिळवलेला पैसा नको. तो नकार सोवळ्याचा नव्हता. आपल्या बायांचं अंग ही कुणाच्या करमणुकीची वस्तू नाही, हा त्यातला अर्थ. म्हणून भीमराव कर्डकांच्या जलशात तमाशाचाच बाज राहिला, पण बाई नाचवणं गेलं. आपण त्यातला अर्थ टाकला आणि ‘चारचौघांत बोलू नये’ एवढंच घेतलं. फ्लॅट झाला, सोफा झाला, भाषा शेजारच्या कुलकर्ण्यांसारखी झाली, आणि बापाची बोली ऐकली की खिडकी लावून घ्यायला लागलो.

दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ ला आलं तेव्हा आपल्यातलेच शिकलेले चिडले. उकिरडा कशाला उपसला म्हणाले. बेबीताई कांबळ्यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिलं आणि वीस वर्षं नवऱ्यापासून, घरच्यांपासून लपवून ठेवलं. फलटणच्या त्या घरात कुठलं सेन्सॉर बोर्ड होतं? आणि मलिका अमर शेखांनी १९८४ ला ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ लिहिलं. नामदेवच्याच बायकोनं, नामदेवबरोबरच्या संसाराबद्दल, मारहाणीबद्दल. ते पुस्तक कितीतरी वर्षं मिळत नव्हतं. नामदेवचा शब्द कापला की छाती पिटणाऱ्यांपैकी कितीजणांनी ते वाचलंय? चळवळीची बदनामी होईल म्हणून बाजूला सारलंय कितीजणांनी? ‘कोण ढसाळ’ विचारणाऱ्या बोर्डाला शिव्या घालायचा हक्क आहेच आपल्याला. पण ‘कोण मलिका’ असं आपण न विचारता, नुसत्या गप्प राहण्यानं विचारत आलो, त्याचं काय?

म्हणून ह्या मंडळाची सूचना सरळ आहे. येत्या १४ एप्रिलला स्टेजवर साहेबांच्या भाषणाआधी अर्धा तास राखून ठेवायचा. ‘गोलपिठा’ वाचायचा, ‘जिणं आमुचं’ वाचायचं, ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’मधली पानं वाचायची, आणि ही पानं पुरुषानं नाही, वस्तीतल्या बाईनं वाचायची. आधी कमिटीला दाखवायचं नाही. मध्ये कुणी शर्ट ओढला तर थांबायचं नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी लिहून पाठवावं, शिव्या असतील तरी चालतील, पुढच्या अंकात एक अक्षर न कापता छापू. फक्त खाली नाव लिहा.